अ‍ॅम्बेसेडरचा मॅनिफोल्ड घरच्या घरी उतरवताना

अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा मॅनिफोल्ड, म्हणजे हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) बसलेल्या इनटेक (मिश्रण आत नेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर काढणाऱ्या) नळ्यांचा संच, उतरवायला हत्यारं फारशी लागत नाहीत, आणि ताकद तर त्याहून कमी. कामाचा जीव दोन गोष्टींत आहे. गंजलेले स्टड (हेडमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे) न तोडता नट सोडवायचे, आणि परत बसवताना इनटेक व एक्झॉस्टची तोंडं एका पातळीत आणायची. बाकीचं नुसतं खोलणं आणि जोडणं. पण घाई होते ती नेमकी याच दोन ठिकाणी. शनिवारी पाना लावून रविवारी संध्याकाळी गाडी फिरवायची असेल, तर नटांवर तेल शुक्रवारी रात्री पडून चालत नाही, बुधवारीच पडायला हवं.

हे इंजिन मूळचं ब्रिटनच्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), बी-सिरीज. ब्लॉकही बिडाचा, हेडही बिडाचं. १९९० च्या दशकात आलेल्या १८०० आयएसझेडमध्ये इसुझूचं इंजिन आहे; त्याला आणि डिझेल गाड्यांना इथली मापं लावू नका. बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलं तर डावीकडे येतात. सिलिंडर चार असले तरी या अंगाला तोंडं पाचच असतात: एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट. पुढचं इनटेक १ आणि २ नंबरला पुरवतं, मागचं ३ आणि ४ ला. मधलं एक्झॉस्ट २ आणि ३ मिळून वापरतात. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण बिघाड शोधताना पहिला उपयोग याचाच होतो.

आधी खात्री, मग पाना

मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय असं वाटून उतरवलेल्या कित्येक मॅनिफोल्डचं पॅकिंग शाबूत निघतं. दोष असतो कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलमध्ये (झडप फिरवणाऱ्या दांड्यात), कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगमध्ये किंवा डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीत. लक्षणं सगळ्यांची सारखीच: आयडलिंग वरखाली होणं, चोक जरा ओढला की गाडी शहाण्यासारखी चालणं, घाटात उतरताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येणं.

प्लग काढून बघा. १ आणि २ नंबरचे प्लग पांढरेफटक आणि ३-४ चे नेहमीच्या विटकरी रंगाचे असतील, तर पुढच्या इनटेकपाशी हवा घुसतेय. उलटं असेल तर मागच्या. चारही पांढरे असतील तर गळती कार्बोरेटरपाशी किंवा त्याच्या जवळ आहे, नाहीतर मिश्रणच पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे; मॅनिफोल्ड खोलून यातलं काहीच हाती लागणार नाही. स्पिंडलची परीक्षा सोपी: इंजिन आयडलवर ठेवून स्पिंडल बोटानं वर-खाली दाबा. आवाज बदलला तर बुश झिजलेत.

जोडावरची गळती शोधायला इंजिन थंड असताना चालू करा आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत ब्रशनं इंजिन ऑइलचा एकेक थेंब इनटेकच्या जोडाच्या कडेला लावा. तेल भेगेत ओढलं गेलं की इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. कार्बोरेटर क्लिनर किंवा पेट्रोल मारून बघण्याची सवय अनेकांना असते. या इंजिनावर ती सोडा. एक्झॉस्ट त्याच अंगाला, चार बोटांवर आहे, आणि तापलेल्या बिडावर ते फवारे भडकतात. तापलेल्या एक्झॉस्टवर पाणीही मारू नका, बीड तडकतं. साबणाच्या पाण्याचा तर इथे उपयोगच नाही. इनटेक हवा आत ओढतो, बाहेर फेकत नाही, त्यामुळे बुडबुडा येणारच नाही.

एक्झॉस्टची गळती मात्र कानाला आणि डोळ्याला दिसते: थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक, आणि जोडाच्या कडेला काजळीची लांबट शेपटी. टॅपेटचा आवाज समजून लोक याच टिकटिकीसाठी टॅपेट सेट करत बसतात.

जागा आणि हत्यारं

सोसायटीच्या तळमजल्यावरच्या उघड्या पार्किंगमध्ये हे काम करा, बेसमेंटमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बेसमेंटमध्ये खालीच साचून राहते, आणि पाण्याच्या पंपाचा स्विच तिथेच कुठेतरी असतो. एक किलोचं पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा. पावसाळ्यात काम काढलं असेल तर मोकळे पडलेले बिडाचे पृष्ठभाग एका रात्रीत तांबूस होतात. संध्याकाळी त्यांवर तेलाचा हात फिरवायचा आणि सकाळी थिनरनं पुसायचा.

मॅनिफोल्डचे नट ५/१६ इंची स्टडवर असतात आणि त्यांना १/२ इंच एएफ (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं माप) पाना लागतो. घरातला १३ मिमीचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. हा ०.३ मिमीचा सैलपणा नव्या नटाला चालून जातो. चाळीस वर्षं तापून गंजलेल्या नटाचे कोपरे त्यानं गोल होतात. ७/१६ ला ११ मिमी चालतो, ९/१६ ला १४ मिमी बसतच नाही आणि १५ सैल पडतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात इंची पाने मिळतात. तिथे घेताना वरचा ठसा वाचा. १/४ डब्ल्यू असं कोरलेलं असेल तर तो व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा पाना, त्याचं तोंड सुमारे १३.३ मिमी, म्हणजे १३ पेक्षाही सैल.

बाकी सामान असं: १/२ इंची रिंग पाना, सहा कोनी सॉकेट (बारा कोनी नको, तो कोपऱ्यांवर घसरतो), लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट. लहान टॉर्क पाना, १० ते ५० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यातला. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क पाना २० वर भरवशाचा नसतो. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), मशीनची सरळ पोलादी पट्टी, व्हर्निअर, पितळी किंवा लाकडी खरवडणी, आरसा आणि चुंबक. पॅकिंग, स्टड आणि पितळी नट आधी आणून ठेवा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचं मॅनिफोल्ड पॅकिंग मागितलं की मिळतं, पण हातात घेऊन पाच तोंडं मोजा आणि घडी पडलेलं घेऊ नका. इंची स्टड आणि पितळी नटांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी.

तेल किती, कधी

नटांवर सुटवायचं तेल टाकण्याआधी स्टडचे बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशनं घासा. गंजाच्या पापुद्र्यावर तेल टाकलं तर ते पापुद्रा पितो, नटाच्या आत जात नाही. तीन दिवस रोज संध्याकाळी, गाडी जरा फिरवून आणल्यावर, इंजिन कोमट असताना दोन-दोन थेंब टाका. गरम धातू थंड होताना तेल आत ओढून घेतो. उकळत्या एक्झॉस्टवर मात्र टाकू नका. अ‍ॅसिटोन आणि ऑटो ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं मिसळलं तर बाजारच्या डब्यापेक्षा वाईट काम करत नाही. दर वेळी बाटली हलवून घ्यावी लागते, आणि अ‍ॅसिटोन पेट घेतं, म्हणून ते पूर्ण गार इंजिनावरच.

एक्झॉस्ट पाइपच्या जोडावरचे नट सगळ्यात जास्त तापतात आणि सगळ्यात जास्त चिकटतात. तेलाचा अर्धा वाटा त्यांनाच द्या.

खोलणं

इंजिन रात्रभर गार होऊ द्या. बॅटरीची अर्थची तार काढा. मायनस न म्हणता अर्थ म्हणायचं कारण, त्या काळच्या काही गाड्यांना प्लस अर्थ असतो. मग मोबाइलवर फोटो काढा: वरून, पुढून, आणि चाकाच्या बाजूनं खाली वाकून. थ्रॉटलची स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलीय हे दोन दिवसांनी कुणालाच आठवत नाही.

एअर क्लिनर ऑइल बाथचा असेल तर सरळ उचला, आडवा करू नका. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरपासून सोडवताना खाली डबा धरा आणि पाइपच्या तोंडात योग्य मापाचा बोल्ट घालून क्लिप आवळा. चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा, परत ओढणारी स्प्रिंग, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूम नळी, या क्रमानं सोडवा. कार्बोरेटर मॅनिफोल्डवर ठेवूनही सगळं एकत्र निघतं, पण वरचे नट दिसतही नाहीत आणि पाना फिरत नाही. तो आधी काढणं सोयीचं. कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड ठोकळा आणि त्याच्या वर-खाली एकेक पातळ पॅकिंग असतं. ते ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा. हा ठोकळा गहाळ झाला तर एप्रिल-मेमध्ये सिग्नलला उभ्या गाडीतलं पेट्रोल उकळायला लागतं, आणि मग लोक पेट्रोल पंपाला दोष देतात.

आता एक्झॉस्टचा पाइप. नट थोडा आवळायचा प्रयत्न करा, मग सोडवा. आवळताना गंजाची पकड मोडते आणि आट्यांवर भार एकदम येत नाही. हलला की लगेच पूर्ण सोडवू नका. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, एक थेंब तेल, परत. पाना एकसारखा ओढताना स्टड रबरासारखा, लवचिक लागायला लागला, नट फिरल्यासारखा वाटतोय पण पाना सोडला की मागे येतोय, तिथे थांबा. तो स्टड पिळवटतोय. अजून अर्धा फेरा आणि तो हातात येईल.

तिथून पुढे उष्णता. कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी गाडीपासून लांब नेलेली असेल, जमिनीवर सांडलेलं पेट्रोल सुकलेलं असेल, तरच गॅसचा टॉर्च पेटवा. ज्योत नटावर धरायची, स्टडवर नाही. नट फुगायला हवा, स्टड नाही. मंद लाल होईपर्यंत तापवा, ज्योत काढा, नटाच्या वरच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत उतरतं. अर्धा मिनिट थांबून पाना लावा. बहुतेक हट्टी नट इथे सुटतात. पाइप सुटला की तो लोंबकळत ठेवू नका, चासीला तारेनं टांगा. नाहीतर सगळा भार मागच्या सायलेन्सरच्या रबरावर येतो.

मॅनिफोल्डचे नट टोकांकडून मधल्याकडे सोडवत या, प्रत्येक नट आधी अर्धा फेरा, मग पूर्ण. फायरवॉलच्या बाजूचा शेवटचा आणि खालच्या अंगाचे नट दिसत नाहीत. आरसा धरून जागा बघा, मग रिंग पान्यानं काम करा. जाड वायसरांकडे लक्ष द्या. काही वायसर एका बाजूला इनटेकच्या कानावर आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टच्या कानावर टेकतात, म्हणजे एकच नट दोन्ही भाग दाबून धरतो. कुठला वायसर कुठल्या स्टडवर होता ते पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात अडकवून ठेवा. नट निघताना स्टडही सोबत आला तर आनंदच माना. भोकातून कूलंट झिरपायला लागलं तर ते भोक पाण्याच्या कप्प्यापर्यंत गेलेलं आहे. नवा स्टड बसवताना त्याच्या आट्यांना सीलंट लागेल.

शेवटचे दोन नट सोडवण्याआधी एक जण मॅनिफोल्ड धरायला हवा. बीड जड असतं आणि स्टडवरून तिरका ओढला तर अडकतो. सरळ, समांतर बाहेर घ्या. पॅकिंग चिकटून बसलं असेल तर लाकडी ठोकळ्यानं एक्झॉस्टच्या जाड भागावर हलके ठोके द्या. पेचकस जोडात घालून उचकटलं की तोंडावर ओरखडा पडतो, आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते.

बाहेर आल्याबरोबर हेडच्या पाच तोंडांत पाच रंगीत चिंध्या कोंबा. पाच घातल्या, पाचच परत निघाल्या पाहिजेत. एक वायसर इनटेकच्या तोंडात घरंगळला तर तो उघड्या वाल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातो. मग हेड काढल्याशिवाय तो मिळत नाही.

स्टड तुटलाच तर

पाच-सहा मिमी बाहेर उरला असेल तर काम अजून हातात आहे. त्यावर एक मोठा नट ठेवून आतल्या भोकातून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्टड फुगतो, गार होताना आक्रसतो आणि गंजाची पकड सुटते. लाली गेली की कोमट असतानाच पाना लावून मागे-पुढे करा. पहिल्यांदा नट नुसता तुटून आला तर दुसरा लावा. तिसऱ्याला निघणारे स्टडही असतात.

हेडच्या पातळीत तुटला असेल तर सगळा खेळ मध्यबिंदूचा. तुटलेलं टोक कानशीनं सपाट करा, मगच सेंटर पंच मारा. सपाट न करता मारला तर तो उतारावर सरकतो. ३ मिमी ड्रिल, मग ५ मिमी. डाव्या फिरकीचा ड्रिल मिळाला तर उत्तम, कित्येकदा स्टड त्यालाच गुंतून बाहेर येतो. ईझी-आउट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) जपून वापरा. तो इतका कडक असतो की आत तुटला तर त्यावर कुठलाही साधा ड्रिल चालत नाही, आणि मग हेड काढून शॉपमध्ये न्यावं लागतं. तो गुंतत नाही असं दिसलं की जोर न लावता थांबा, ड्रिल टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) मापापर्यंत वाढवा आणि उरलेले आटे टोकदार पंचनं उचकटून काढा. ५/१६ च्या बारीक आट्यांना, इंचाला २४, ड्रिल ६.९ मिमी, जाड आट्यांना, इंचाला १८, ड्रिल ६.५ मिमी. स्टडच्या दोन टोकांचे आटे वेगळे असू शकतात. हेडमधल्या बाजूचे थ्रेड गेजनं मोजूनच टॅप विकत घ्या. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी.

तोंडं

हेडवरचं जुनं पॅकिंग बिडावरून पोलादी खरवडणीनं निघतं. इनटेक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर मात्र फक्त पितळ, लाकूड किंवा प्लास्टिक. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाणी मारून ओलं करा, मास्क लावा, कोरडं घासू नका, ड्रिलला लावायचा तारेचा चक्राकार ब्रश तर मुळीच नको. ओला चुरा पिशवीत बंद करून टाका.

आता या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. मॅनिफोल्ड उलटा ठेवून पोलादी पट्टी लांबीला सगळ्या तोंडांवर टेकवा आणि फीलर गेज सरकवून बघा. ०.१० मिमीपर्यंतची फट पॅकिंग खाऊन टाकतं. त्याहून जास्त असेल तर सरफेस ग्राइंडिंग. एक्झॉस्ट तापून तापून केळ्यासारखा वाकतो. मधे टेकतो आणि टोकांना उचलतो, किंवा उलटं. नट जास्त आवळून ही फट मिटत नाही, कान तुटतो.

इनटेक आणि एक्झॉस्ट दोन वेगळे तुकडे असतील आणि मधे बोल्टनं जोडलेले असतील, तर त्या जोडाला हॉट स्पॉट म्हणतात. एक्झॉस्टची ऊब इनटेकच्या पोटाला मिळून पेट्रोलची चांगली वाफ व्हावी म्हणून तो असतो. एकाच ओतकामात दोन्ही असतील तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

व्हर्निअरनं दोन्हींच्या कानांची जाडी मोजा. एकच वायसर दोन कानांवर टेकतो हे वर आलंच आहे. इनटेकचा कान ७.८ मिमी आणि एक्झॉस्टचा ८.२ असेल, तर वायसर एक्झॉस्टवर टेकून थांबेल आणि इनटेक कधीच दाबला जाणार नाही. नट कितीही आवळा, हवा घुसतच राहील. म्हणूनच फक्त इनटेकचं तोंड ग्राइंड करून आणलेल्या गाड्या आधीपेक्षा वाईट चालतात. भोसरीला किंवा नऱ्हे-धायरीच्या बाजूला मशीन शॉपमध्ये नेताना दोन्ही तुकडे जोडलेल्या स्थितीत न्या आणि ‘पाचही तोंडं एका सेटिंगमध्ये काढायची’ असं बजावून सांगा. कमीत कमी माल काढायला सांगा. फरक तरीही उरला तर वायसरची एक बाजू कानशीनं तेवढी कमी करून पायरी काढा.

अ‍ॅल्युमिनियमचा सुटा इनटेक थोडाच वाकडा असेल तर घरी होतं. ८-१० मिमी जाड काचेवर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवा, तोंडांवर मार्करनं आडव्या-उभ्या रेघा मारा, रॉकेलचे थेंब टाकून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. सगळ्या रेघा गेल्या की १५० नंबर. बिडावर हा उद्योग दोन दिवस पुरेल, त्या भानगडीत पडू नका.

तडा शोधायला रॉकेल आणि खडू. रॉकेल ब्रशनं लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, खडूची भुकटी फासा. तडा असेल तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. एक्झॉस्टच्या मधल्या शाखेचा काटकोन नीट बघा.

मॅनिफोल्ड नाही तोवर

ब्लॉकच्या याच अंगाला, मॅनिफोल्डच्या बरोबर मागे, टॅपेटची दोन झाकणं आहेत. गाडीखाली तेलाचे डाग पडत असतील आणि मागच्या ऑइल सीलवर संशय असेल तर आधी ही झाकणं बघा. मॅनिफोल्ड जागेवर असताना त्यांना हात पोचत नाही, त्यामुळे कॉर्कचं पॅकिंग आत्ताच बदलायचं. मधला बोल्ट आवळताना हात आखडता घ्या. जास्त आवळला की पत्र्याचं झाकण मधे खचतं, कडा उचलतात आणि नव्या पॅकिंगमधूनही तेल येतं. आधीच खचलेलं असेल तर सपाट ठोकळ्यावर उपडं ठेवून कडा सरळ करून घ्या.

पेट्रोलची रबरी नळीही आत्ताच बदला. पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुनं रबर त्यात फुगतं, आतून सोलतं आणि ते कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतात. इथेनॉल चालेल अशी नळी मागा. मिश्रणही अशा पेट्रोलवर मुळातच पातळ होतं, त्यामुळे पूर्वी खपून गेलेली छोटी हवागळती आता जास्त जाणवते.

बसवणं

हेडमधले आटे टॅप फिरवून साफ करा, हवा मारा, नवे स्टड हातानं घट्ट बसवा. एक्झॉस्टच्या उष्णतेत स्प्रिंग वायसरची स्प्रिंग मरते, म्हणून जाड सपाट वायसर आणि पितळी नट. नटाच्या बाजूच्या आट्यांना कॉपर ग्रीस, अगदी पातळ. चिंध्या मोजून काढा.

पॅकिंग कोरडं बसवा. सिलिकॉन लावायचा मोह होतो, पण इनटेकपाशी पेट्रोल त्याला मऊ करून तुकडे आत नेतं आणि एक्झॉस्टपाशी ते जळून जातं. पॅकिंगला एका बाजूला पत्रा असेल तर ती बाजू मॅनिफोल्डकडे ठेवा. तापल्यावर मॅनिफोल्ड हेडपेक्षा जास्त लांबतो. गुळगुळीत पत्र्यावर तो सरकू शकतो, पॅकिंग फाटत नाही. पॅकिंगची कड कुठल्याही तोंडात डोकावत नाही ना, तेही बघा.

हॉट स्पॉटचे बोल्ट आधी आवळायचे नाहीत. नव्या पॅकिंगसह जोड नुसता हातानं लावा, मॅनिफोल्ड स्टडवर चढवा, हेडचे सगळे नट मधून टोकांकडे टेकेपर्यंत लावा, मग १० न्यूटन-मीटर, मग २०. त्यानंतर हॉट स्पॉटचे बोल्ट. आधी ते आवळले तर दोन तुकड्यांची तोंडं जोडाच्या पातळीनं ठरतात, हेडच्या नाही, आणि इतकं ग्राइंडिंग करूनही एक तोंड उचललेलं राहतं. २० न्यूटन-मीटर म्हणजे आखूड पान्यानं मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. कॉपर ग्रीस लावलंय, तर १८ वर थांबलात तरी चालेल. एक्झॉस्टचा पाइप शेवटी लावा, तोही आधी सैल. पाइप मॅनिफोल्डला ओढत नसेल तेव्हाच आवळा.

कार्बोरेटर, ठोकळा, दोन पॅकिंग, दांडे, स्प्रिंग. इंजिन चालू करण्याआधी कुणालातरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावा आणि थ्रॉटल आपोआप परत येतो का ते डोळ्यांनी बघा.

चालू केल्यावर

पहिली दहा मिनिटं धूर येईल, ते हाताचं तेल आणि ग्रीस जळतंय. पेट्रोलचा वास मात्र आला तर तत्काळ बंद. इंजिन गरम होऊ द्या, आयडलिंग आणि मिश्रण नव्यानं लावा. गळतीच्या काळात कुणीतरी मिश्रण जाड करून ठेवलेलं असतं, ते आता काळा धूर देईल.

व्हॅक्यूम गेज असेल तर मॅनिफोल्डला जोडा. पुस्तकात आयडलला १७ ते २१ इंच पारा असं दिसतं. तो आकडा समुद्रसपाटीचा. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, इथे काटा जवळपास २ इंच कमी दाखवणार. १६ वर स्थिर काटा म्हणजे चांगलं इंजिन, त्यासाठी काही उघडू नका. काटा स्थिर राहून १० च्या आसपास बसला असेल तर हवा अजून घुसतेय किंवा टायमिंग मागे आहे. तालात थरथरत असेल तर एखादा वाल्व्ह बघा.

रस्त्यावरची परीक्षा चढावर नाही, उतारावर होते. जुन्या कात्रज घाटातून गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरा. या वेळी इनटेकमधला व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो, आणि एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा आत गेली तर सायलेन्सर फुटफुटतो. गप्प उतरली तर दोन्ही जोड बसले.

घरी आणून रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी सगळे नट परत २० ला तपासा. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं, त्यामुळे काही नट पाव फेरा घेतील. परत ३०० किलोमीटरनंतर, तेही गार इंजिनावर. फायरवॉलजवळचा नट टाळायचा मोह होतो, कारण तिथे टॉर्क पाना पोचत नाही. रिंग पाना लावा, शेजारच्या नटाला जेवढा जोर लागला तेवढाच द्या.